मागच्या उजव्या चाकाची टक्टक

चहा ओता आधी, आणि साखर हात सैल सोडून घाला. हा किस्सा सांगायचा म्हणजे मला अजून दम लागतो. माणूस आयुष्यात एखादा मूर्खपणा करतो, घटकाभरात उरकतो आणि मोकळा होतो. मी मात्र एकच मूर्खपणा जवळजवळ दोन आठवडे केला, रोज केला, आणि वहीत तारीखवार नोंद ठेवून केला! एवढा पद्धतशीर गाढव अख्ख्या बेंगळूरात दुसरा दाखवा, मी तुम्हाला आणखी एक चहा पाजतो.

पद्धतशीर हा शब्द लक्षात ठेवा. मी हायस्कुलात सायन्स शिकवतो. नारायण जगताप, बी.एस्सी., बी.टी. पोरांना रोज सांगतो, बाबांनो, आधी निरीक्षण, मग नोंद, मग अनुमान. आता हसू नका. हसायला पुढं भरपूर जागा आहे.

तर गाडी का घेतली, तिथपासून सांगायला हवं. आमची थोरली कुसुम जटक्यात जन्मली. जटका म्हणजे इथला टांगाच हो, वर कमानीचं छप्पर आणि आत गवतावर सतरंजी. वत्सलेला, म्हणजे आमच्या हिला, कळा सुरू झाल्या तसा मी धावत जाऊन जटका आणला. बाबूसाब म्हणून जटकेवाला होता, गरीब माणूस. मार्केटच्या तोंडाशी गुळाच्या बैलगाड्यांची रांग अडकलेली. बाबूसाब ओरडतोय, बैल ऐकत नाहीत, आणि कुसुमला घाई! शेवटी भाजीवाल्या बायकांनी चारी बाजूंनी लुगडी धरली आणि पोरगी तिथंच झाली.

मायलेकी सुखरूप, देवाची कृपा. पण त्यानंतर चार वर्षं वत्सला मार्केटात गेली की कोणी ना कोणी हाक मारायचंच, "अक्का, जटका पापु हेगिद्दाळे?" म्हणजे, तुमची जटक्यातली पोर कशी आहे? प्रेमानंच विचारायचे हो. पण वत्सलेनं त्या मार्केटातून कोथिंबीर आणणं सोडलं. पुढं तर त्या रस्त्यानं जाणंच सोडलं.

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा तिनं मला समोर बसवून सांगितलं, "अहो, या वेळी रस्त्यात नाही. मला दवाखान्यातली खाट पाहिजे, चार भिंती पाहिजेत. मेले तरी जटक्यात चढणार नाही."

"अगं, असं अभद्र बोलू नये," मी म्हणालो.

"मग भद्र काय ते तुम्ही करा," ती म्हणाली.

बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार लागलं ते. मला वाटलं, बायकोनं आजवर आपल्याकडं एक लुगडं मागितलं नाही, आणि आता मागतेय काय, तर चार भिंती.

म्हणून गाडी घेतली. नवी कुठली! लढाईच्या आधीची, काळी, विलायती गाडी. कॉफीच्या मळ्यावरचा एक गोरा मॅनेजर मायदेशी निघाला होता, त्यानं जाताना विकली. चालवायला मी शिकलो आमच्या शाळेच्या मैदानावर. गाडी म्हातारी खरी, पण आवाज? शिवणयंत्रासारखा! दसऱ्याच्या आधी आठवडाभर मी ती चामराजपेटेत हिंडवली, कुठं म्हणून कुरकुर नाही. वत्सला एकदा बसली, पदरानं काच पुसली आणि म्हणाली, "सरी, ठीक आहे, ही चालेल." दिवाळीच्या सुमाराला दिवस भरत होते. मी निश्चिंत झालो, आणि तिथंच घात झाला.

आली खंडेनवमी. इथं सगळं गाव आयुधपूजा करतं, बसपासून कात्रीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू, आणि रस्तोरस्ती फोडलेल्या कोहळ्यांचा राडा. आमच्या घरी मानकरी माझी आत्या. तिला सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणतो. देव्हाऱ्यापुढं ती एक गंजकी तलवार, तिची विळी, माझी कंपासपेटी आणि एक घोड्याची नाल मांडते. ही नाल आमच्या मूळ पुरुषाच्या घोड्याची, असं ती सांगते. तो म्हणे तिकडून देशावरून फौजेबरोबर इकडं आला आणि इथंच राहिला. नाल झिजून पातळ झालीय, पण अक्काला ती सोन्याहून मोलाची.

त्या वर्षी अक्का म्हणाली, "नारू, किती पिढ्यांनी दारात वाहन आलं रे! नाल देव्हाऱ्यात कशाला? वाहनाची वस्तू वाहनाला वाहायची. तुझी बायको त्यातून बाळंतपणाला जायची, मूळ पुरुष राखण करील."

मी सायन्सचा माणूस, पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा? लाल फडक्यात नाल गुंडाळली, हळदकुंकू लावलं, आणि गाडीवर अशा जागी बसवली की चोराच्या बापाला सापडू नये. अगदी मापाची बसली! अक्कानं त्या जागेला नमस्कार केला, कोहळा फुटला, पेढे वाटले. माझ्या दृष्टीनं तो विषय तिथं संपला. नोंद म्हणून वहीत एक ओळ लिहिली तेवढीच.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी गाडी होसूर रस्त्याला काढली, म्हटलं जरा पळवून बघू. बोम्मसंद्र्याच्या बाजूला तेव्हा नाचणीच्या शेतांशिवाय काही नव्हतं, रस्ता मोकळा. गल्लीतून हळू निघालो तर मागून आवाज, टक्... टक्... टक्. वेग वाढवला तसा आवाज बंद. वा! म्हटलं, गेलं. आणखी वाढवला, आणि काट्यानं तीस मैल दाखवले मात्र, गाडी अशी थरथरायला लागली की माझा चष्मा नाकावरून घसरला! वेग कमी केला, थरथर गेली. आणखी कमी केला, टक्टक परत हजर.

दुसरा कोणी घाबरला असता. मी वही काढली. पहिल्या पानावर डाव्या बाजूला आखून लिहिलं: तक्रार. सुरुवात केव्हा. लक्षणं. कारण. कारणापुढं जागा कोरी ठेवली. शोध लागला की सुवाच्य अक्षरात भरू.

रविवारी वत्सलेला बसवली. कोपऱ्यापर्यंत टक्टक, पुढं उतार लागला, गाडी थरथरली, आणि तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं.

"उतरवा मला."

"अगं, स्वल्प थांब, हे तीस मैलांवरच होतं, पस्तीसला..."

"अहो, उतरवा म्हणते ना! जटका धक्के देतो, पण सांगून देतो. हिचा काय नेम आहे?"

ती त्या अवघडल्या अंगानं घरापर्यंत चालत आली. मी शेजारून गाडी चालवत होतो, टक्, टक्, टक्. दाराशी वळून म्हणाली, "दिवाळीच्या आत ही गप्प झाली पाहिजे. नाहीतर मी घरीच बाळंत होईन, पण हिच्यात बसणार नाही, आणि त्याच्यातही नाही." त्याच्यात म्हणजे जटक्यात, हे काही सांगायला नको.

सोमवारी शाळा सुटल्यावर गाठलं शिवाजीनगर. तिथं गफूर मिस्त्रींचं वर्कशॉप. पांढरी दाढी, हातभर काळं ग्रीस, आणि अदब अशी की पाना मागतानासुद्धा 'जरा तकलीफ' म्हणायचे. मी वही उघडून लक्षणं वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मास्तरसाब, ये शुरू होने के पैले गाडी को क्या करे?"

"काही नाही."

"याद करके बोलो जी. कुछ खोले? कुछ लगाए?"

"काहीच नाही हो! नुसती धुतली."

हे उत्तर मी दिलं बरं का! छातीवर हात ठेवून दिलं! पण तो दोष स्मरणशक्तीचा नव्हता. कुंकू लावलेली वस्तू ही गाडीला 'लावलेली' वस्तू असते, हे माझ्या डोक्यातच येईना. पूजा ती पूजा आणि गाडी ती गाडी. दोघींची खाती निराळी.

मग आमचं संशोधन सुरू झालं. गाडी उभी ठेवून इंजिन जोरात फिरवलं. गप्प! थरथर नाही, टक्टक नाही. उतारावर गियर काढून नुसती सोडली, तर टक्टक आहेच. मी आनंदानं टाळी वाजवली. "मिस्त्री, इंजिन निर्दोष! गियरबॉक्स निर्दोष! दोष मागं आहे!"

"हौ," मिस्त्री म्हणाले, "पीछेच है."

इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा जातो. इंजिनाचा जोर तो मागं पोचवतो. त्याला टोकांना सांधे असतात, ते झिजले की गाडी अशीच थरथरते. मिस्त्री म्हणाले, हाच चोर. सांधे बदलले. दोन संध्याकाळी गेल्या. फेरी मारली. टक्... टक्... टक्.

बरं, दांडा वाकला असेल. काढला, तपासला. सरळ! मी वहीत लिहिलं, 'दांडा सरळ'. आणि घरी येऊन जेवायला बसलो, तर वत्सला काही विचारेना. नुसती ताटात भात वाढत होती. न विचारणाऱ्या बायकोसमोर जेवून बघा एकदा, घास उतरत नाही.

मग आवाज नेमका कुठून येतो हे ठरवायला मी प्रयोग योजला. लाकडी छडीचं एक टोक वस्तूला लावायचं आणि दुसरं कानाला, की आतला आवाज स्पष्ट येतो. शास्त्रीय आहे, खोटं नाही! शाळेतली नकाशाची छडी नेली. मिस्त्री गाडी चालवणार, आणि मी मागच्या सीटपुढच्या जागेत उताणा पडून तळाला छडी लावून ऐकणार. पण मी पडलो लांब आणि गाडी पडली रुंदीला कमी. पाय खिडकीबाहेर काढावे लागले.

शिवाजीनगरच्या बसस्टँडवरून आम्ही असे निघालो. लोक वाट देत होते, दोघांनी टोप्याही काढल्या. एवढ्यात बाजूनं सायकलची घंटा वाजली आणि ओळखीचा आवाज आला. आमचे हेडमास्तर!

"जगताप? तुमचे बूट वाटतात हे."

"हो सर, मीच."

"दवाखान्यात नेतायत का?"

"नाही सर, ऐकतोय."

"काय ऐकताय?"

"टक्टक, सर."

सायकल थोडा वेळ बरोबर चालली, मग मागं पडली. दुसऱ्या दिवशी शाळेत माझे दोन तास परस्पर दुसऱ्याला दिले होते. प्रेमानंच दिले, माणूस चांगला. वर शिपायाकडून निरोप, 'जगतापांना म्हणावं, घरी बाळंतपण आहे, जरा विश्रांती घ्या.'

पण प्रयोग फळला! आवाज उजव्या मागच्या बाजूचा, हे पक्कं झालं. मी मिस्त्रींना म्हणालो, "आता साधी परीक्षा. उजवं मागचं चाक काढून डावीकडं पुढं लावा, आणि डावीकडचं इकडं. आवाज चाकाबरोबर पुढं गेला तर दोष चाकात. मागंच राहिला तर दोष आसात." बघा, किती स्वच्छ विचार! आजही परीक्षेत कोणी असं लिहिलं तर मी पुरे मार्क देईन.

दिवसा माझी शाळा, म्हणून मिस्त्रींनी चाकं माझ्यामागं बदलली. संध्याकाळी फेरी मारली. टक्. कुठून? उजवीकडून, मागून! चाक पुढं गेलं, आवाज जागचा हलला नाही.

"दोष चाकात नाही," मी जाहीर केलं आणि तिथल्या तिथं लाल शाईनं अधोरेखित केलं. मिस्त्री माझ्याकडं बघून काहीतरी बोलायला गेले, थांबले, आणि म्हणाले, "आप जैसा बोले वैसा, मास्तरसाब."

त्या क्षणी मी त्यांना 'काय म्हणत होता?' असं विचारलं असतं तर? नाही विचारलं. मी लाल शाईची बाटली बंद करत होतो.

पुढची परीक्षा त्यांनी केली. मागची दोन्ही चाकं काढून ठेवली आणि नुसता आस फिरवला. गप्प! चाकं चढवून रस्त्यावर काढली की बोलतो. मिस्त्री म्हणाले, "वजन पडा तो बोलता." म्हणजे आसाच्या बेअरिंगमधला छर्रा गेला असणार. आता सगळा मागचा भाग उघडायचा, त्याला चार दिवस. दिवाळी दहा दिवसांवर. मी हिशेब केला, चार दिवस काय, सहा लागले तरी वेळेत! म्हटलं, "उघडा."

घरी वत्सलेला म्हणालो, "आता शेवटचंच. चार दिवसांत गाडी गप्प."

ती म्हणाली, "मला रात्री स्वप्नात टक्टक ऐकू येते हो." आणि हसली. मला ते हसू बघवेना. थकलेली होती बिचारी. मीही थकलो होतो. रोज शाळा, शिवाजीनगर, वही, जेवण, झोप, आणि पुन्हा शाळा. मला मनातून वाटायला लागलं होतं, की आपल्याला एवढंही जमू नये?

आणि मग मंगळवार. सकाळचे नऊ. मी शाळेचा कोट चढवतोय, आणि आतून अक्का ओरडली, "नारूऽऽ! सुरू झालं रे!"

आठ दिवस आधी! गाडी शिवाजीनगरात, मागचं पोट फाडून, चार विटांवर! काय करणार? धावलो कोपऱ्यावर. जटक्यांच्या अड्ड्यावर एकच जटका उभा, आणि त्यावर कोण? बाबूसाब! तोच! मला बघून त्यानं घोड्याला चुचकारलं आणि म्हणाला, "पापु नंबर दो?"

वत्सला उंबऱ्याशी आली, जटका बघितला, बाबूसाबला बघितला, आणि शेवटी माझ्याकडं बघितलं. पुढची कळ आली तशी अक्काचा खांदा धरून मुकाट आत चढली. कुसुमला शेजारणीकडं सोडलं, मी पुढं बाबूसाबजवळ बसलो. चार भिंती मागितल्या होत्या तिनं. मी तिला तेच छप्पर आणि तेच गवत दिलं. मला रडू येत होतं हो, खोटं कशाला सांगू.

जटका निघाला. दहा पावलं गेला नसेल, बाबूसाबनं कान टवकारले.

"पिछले पाँव की नाल ढीली है," तो म्हणाला. "डरो मत जी, पोंचा देगी."

मी ऐकलं. टक्... टक्... टक्.

मागून वत्सला, दोन कळांच्या मधे, दात आवळून बोलली, "बघा! त्याला दहा पावलांत कळलं. तुम्ही दोन आठवडे... आई गंऽ... दोन आठवडे छडी लावून ऐकताय."

"मागच्या पायाची," मी पुटपुटलो. "सैल नाल."

आणि माझ्या अंगावर असा काटा आला! अहो, तोच आवाज! तीच लय! खंडेनवमीला मी ती नाल कुठं बसवली होती? अक्का म्हणाली होती, घोड्याचा सगळा जोर मागच्या पायांत, आणि शुभ बाजू उजवी. म्हणून मागच्या उजव्या चाकावरची ती चकचकीत पत्र्याची वाटी मी उचकटली होती, आत नाल ठेवली होती, आणि वाटी परत ठोकून बसवली होती! लाल फडकं दोन दिवसांत सैल पडलं असणार. गाडी हळू असली की नाल आत घसरायची, टक्. वेगात असली की काठाला चिकटून बसायची, आवाज बंद, पण एका अंगाला ओझं, म्हणून थरथर. मी दर वर्षी वर्गात पाण्याची बादली गरगर फिरवून दाखवतो हो, की फिरणारी वस्तू बाहेरच्या काठाला का चिकटते! दर वर्षी!

"नाल!" मी जटक्यात उभा राहून ओरडलो. "थांबवा! बाबूसाब, थांबवा!"

"काय झालं?" आतून वत्सला.

"अगं, नाल! सापडलं! मी पळत शिवाजीनगरला जाऊन..."

"अहो," ती म्हणाली. इतक्या शांतपणे कधी बोलली नव्हती. "आत्ता खाली उतरलात तर परत घरी येऊ नका."

मी खाली बसलो. मार्केटाशी भाजीवाल्या बायांनी बाबूसाबला ओळखलं, मला ओळखलं, आणि एकच गिल्ला झाला, "मत्ते जटका! मत्ते जटका!" म्हणजे, पुन्हा जटकाच! पण त्याच बायांनी हातगाड्या ओढून रस्ता मोकळा केला, एकीनं तर एका पोलिसाला बाजूला ढकलला. ढिल्या नालेचं ते घोडं जीव तोडून पळालं. दवाखाना आला, वत्सलेला आत नेलं, खाट मिळाली, आणि मी कोटाची बटणं लावेपर्यंत नर्स बाहेर आली. मुलगा. दोघंही सुखरूप. चार भिंतींच्या आत!

पेढे घेऊन मी आधी गेलो शिवाजीनगरला. गाडीचं पोट उघडं, छर्रे ओळीनं मांडलेले, एकही खराब नाही.

"मिस्त्री," मी म्हणालो, "मागच्या उजव्या चाकाच्या वाटीत..."

गफूर मिस्त्री लगबगीनं उठले. हात साबणानं धुतले, पुसले, आणि वरच्या फळीवरून पांढऱ्या स्वच्छ रुमालात बांधलेलं काहीतरी दोन्ही हातांनी खाली घेतलं. आमची नाल! लाल फडक्यासकट, कुंकवासकट!

"आपकी अमानत," ते म्हणाले. "फिकर नक्को करो. जब जब चक्का खोला, हात धोके बाजू में रखा. चक्के आगे-पीछे करे तबभी इसको अपनी जागा पे-च रखा. सीधे हाथ की बाजू, पीछे. इधर का उधर होने नै दिया."

मी तिथल्या पत्र्याच्या डब्यावर बसलो. चाक पुढं गेलं, नाल मागंच! दोष चाकात नाही, लाल शाईनं अधोरेखित!

"अहो मिस्त्री, मला सांगितलं का नाही?"

"पैले दिन पूछा ना मैं? आप बोले, कुछ नै लगाए. मैं समझा, घर की पूजा की बात, बाहर बोलते नै होंगे."

"पण हाच आवाज त्याचा असेल, असं एकदाही वाटलं नाही?"

मिस्त्री दाढी खाजवत जरा घुटमळले. "लगा जी. एक बार लगा. फिर सोचा, मास्तरसाब सायन्स पढाते. उनकू मालूम नै होता क्या?"

पेढ्याचा पुडा त्यांच्या हातात दिला आणि नाल खिशात घालून परत आलो.

दहाव्या दिवशी वत्सलेला आणायला गाडी घेऊन गेलो. तीस मैलांवर नेली, पस्तीसवर नेली. मांडीवर पोर झोपलेलं, हललंसुद्धा नाही. अक्का मागून म्हणाली, "मूळ पुरुषाची कृपा!" मी गियर बदलला.

वत्सला म्हणाली, "किती शांत चाललीय हो! काय बिघडलं होतं शेवटी?"

"मागच्या चाकात... स्वल्प काहीतरी होतं."

"काय होतं?"

"बारीकसारीक गं. तुला नाही कळायचं, तांत्रिक आहे."

हे वाक्य नको होतं. ती एवढंच म्हणाली, "ती वही द्या बघू."

वही गाडीच्या पुढच्या पेटीतच होती. तिनं पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "'खंडेनवमी. गाडी धुतली. पूजा झाली. नाल मागच्या उजव्या चाकात बसवली. गाडी उत्तम.'" मग खालची ओळ, "'शनिवार. मागच्या बाजूस टक्टक सुरू. कारण अज्ञात.'"

दोन ओळी हो. एकाखाली एक. माझ्या सुवाच्य अक्षरात. दोन आठवडे मी त्या पानाच्या पुढचीच पानं भरत होतो.

ती इतकी हसली, इतकी हसली, की पोर जागं झालं. चार वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, डावीकडं 'कारण' लिहून मी जी जागा कोरी ठेवली होती ती शोधली, आणि तिथं नीट अक्षरात लिहिलं:

नारायण जगताप, बी.एस्सी., बी.टी.